दुःखातही न खचलेल्या पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की त्यांची विद्वत्ता आणि केडगावचे मुक्तिसदन डोळ्यांपुढे उभे राहते. पण या बाईंवर दुःखाचे किती डोंगर कोसळले आणि ते त्यांनी कशाच्या बळावर सोसले, हे आपल्यापैकी थोड्याच भगिनींना ठाऊक असेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदेची पर्वा न करता पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने ते लेकीला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दुष्काळ पडला, जवळची पुंजी सरली. व्रते, उपास, दानधर्म सारे करून झाले, पण अन्न मिळेना. १८७४ साली काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. तेव्हा रमाबाई अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. पण १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी त्यांचा विवाह झाला, मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही नेले. चोविसावे वर्ष पुरे होण्याआधीच एवढे सारे घडले होते.

१८८३ साली त्या चिमुकलीला घेऊन विलायतेस गेल्या. तेथे सोबत आलेल्या मैत्रिणीने आत्महत्या केली. हा घाव फार मोठा होता. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनी पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना जवळ करीत, हे रमाबाईंनी पाहिले. अशा स्त्रियांना न झिडकारणारा येशू त्यांच्या मनात भरला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इकडे मायदेशी त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला.

बाप्तिस्मा घेतला आणि मन लगेच निवाले, असे मात्र झाले नाही. धर्म मिळाला तरी ख्रिस्त अजून दूरच आहे, अशी रुखरुख त्यांना सुमारे आठ वर्षे लागून राहिली होती. १८९१ च्या सुमारास, शास्त्रवाचन आणि प्रार्थना करता करता, आपली योग्यता-अयोग्यता मोजणे सोडून देवाच्या दयेवर भार टाकावा, हे त्यांना उमगले. मनाची तगमग तेव्हा कुठे शमली.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व विधवांना घेऊन आल्या. भूक आणि पोरकेपण या बाईंना नवे नव्हते. केडगावी दिवस प्रार्थनेने सुरू होई. मग शाळा, शेती, विणकाम, छापखाना. १९०५ साली तेथे मोठी धार्मिक जागृती झाली. मुली प्रार्थनेत मोठमोठ्याने रडत. हा गोंगाट कशाला, असे बाहेरचे म्हणू लागले, पण बाईंनी तो दाबून टाकला नाही. इतक्या जिवांच्या मनात साठलेले कढ कोठेतरी वाहून जायलाच हवे होते.

स्वतः त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईलाही समजेल अशा मराठीत बायबल उतरवू लागल्या. ऐकू येणे पार कमी झाले होते, तरी काम चालू होते. १९२१ साली त्यांचा उजवा हात झालेली मनोरमाही गेली. साठी उलटलेल्या आईने पुन्हा प्रार्थनेचाच आधार घेतला आणि भाषांतराचे कागद पुढे ओढले. ते काम हातावेगळे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे मराठी बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

भगिनींनो, प्रार्थनेने रमाबाईंचे दुःख नाहीसे झाले नाही. ते रोज ठेवायला एक जागा मिळाली आणि मोकळे झालेले हात कामाला लागले. आपली श्रद्धा कोणतीही असो, हे आपल्यालाही घेता येईल. शेजारच्या घरी दुःख आले तर त्या बहिणीला 'रडू नकोस' म्हणण्याची घाई करू नये. जवळ बसावे, तिला रडू द्यावे आणि सावरू लागली की हाताला धरून मंडळात आणावे. येथे काम पुष्कळ आहे.