श्वासाची राखण : डॉ. रूपाबाई फर्दुनजी

शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, की आजही मनुष्याच्या मनात धास्ती निर्माण होते. तरीही शस्त्रक्रियेच्या वेळी आपल्याला वेदना होणार नाहीत, हा विश्वास त्याला असतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा विश्वास कोणालाच नव्हता. त्या काळी रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना त्याच्या शरीरावर शस्त्र चालवले जाई. धडधाकट माणसे त्याचे हातपाय घट्ट धरून ठेवत आणि शल्यविशारद शक्य तितक्या घाईने काम उरकत असे. वेदनेच्या भीतीने अनेक रुग्ण शस्त्रक्रियेपेक्षा मरण पत्करत.

ही परिस्थिती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पालटली. 1846 साली अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी इथर हुंगवून रुग्णाची शुद्ध हरपवता येते, हे जाहीर प्रयोगाने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. ही दोन्ही औषधे अल्पावधीतच भारतात पोहोचली. क्लोरोफॉर्मला गोडसर वास होता. त्याने रुग्णाला लवकर गुंगी येई आणि ते थोडेसेच पुरत असे. त्यामुळे सर्वत्र त्याचे स्वागत झाले.

परंतु या औषधात धोकाही दडलेला होता. 1848 साली इंग्लंडमध्ये पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी एका पंधरा वर्षांच्या मुलीला क्लोरोफॉर्म देण्यात आले आणि काही क्षणांतच ती दगावली. त्यानंतर अशा घटना अधूनमधून घडतच राहिल्या. वेदना नाहीशी करणारे औषध प्राणही घेऊ शकते, हे स्पष्ट झाले. शल्यविशारदाचे लक्ष जखमेवर असते. मग बेशुद्ध पडलेल्या रुग्णाच्या प्राणावर लक्ष कोणी ठेवायचे? या प्रश्नातूनच भूलतज्ज्ञाच्या कार्याची गरज निर्माण झाली. हे कार्य आपल्या देशात ज्यांनी प्रारंभीच्या काळात निष्ठेने केले, त्यांमध्ये हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांचे नाव अग्रभागी आहे. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचा गौरवाने उल्लेख केला जातो.

रूपाबाई पारशी समाजातील होत्या. त्या काळी हैदराबाद संस्थानावर निजामाची सत्ता होती आणि आजचा मराठवाडाही त्याच संस्थानात मोडत असे. 1885 साली हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयात पाच स्त्रियांनी प्रवेश घेतला. रूपाबाई त्यांपैकी एक होत्या. मुलींनी अक्षरओळख करून घेणे हेदेखील जेव्हा अनेक घरांत धाडसाचे मानले जात होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. आनंदीबाई जोशी त्याच सुमारास अमेरिकेत वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेत होत्या. परपुरुषाकडून तपासून घेण्यास असंख्य स्त्रिया तयार नसत आणि उपचारांवाचून घरातच दुखणे सोसत. अशा स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर ही एक निकडीची गरज होती. विद्यालयाचा अभ्यासक्रम पूर्ण करून 1889 साली रूपाबाईंनी पदवी संपादन केली. तेथे शिक्षण पाश्चात्त्य वैद्यकाचे मिळत असले, तरी पदवीचे नाव मात्र ‘हकीम’ असे होते.

रूपाबाई शिकत होत्या, त्याच वर्षांत हैदराबादकडे वैद्यकीय जगाचे लक्ष लागले होते. विद्यालयाचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे एडिंबरा येथे शिकलेले शल्यविशारद होते. क्लोरोफॉर्ममुळे रुग्ण दगावतो तो हृदय अकस्मात थांबल्याने, असे इंग्लंडमधील अनेक डॉक्टरांचे मत होते. म्हणून ते नाडीवर लक्ष ठेवत. लॉरी यांना हे मान्य नव्हते. आधी श्वसन मंदावते व थांबते आणि त्यानंतर हृदय बंद पडते, असे त्यांचे म्हणणे होते. नाडीकडे पाहत बसणाऱ्याच्या ध्यानात धोका येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते, म्हणून भूल देणाऱ्याने सारे लक्ष श्वासावरच ठेवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

या वादाचा निर्णय करण्यासाठी 1888 साली हैदराबाद येथे क्लोरोफॉर्म आयोग नेमण्यात आला. या आयोगाने प्राण्यांवर प्रयोग करून लॉरी यांच्या मताला पुष्टी दिली. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्या निष्कर्षांविषयी शंका व्यक्त केली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी इंग्लंडमधून तज्ज्ञ बोलावण्यासाठी एक हजार पौंड देऊ केले. त्यानुसार 1889 साली डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादला आले आणि दुसरा आयोग कामाला लागला. शेकडो प्राण्यांवर पुन्हा प्रयोग झाले. हृदय आधी थांबते असे मानणारे ब्रंटनही अखेरीस लॉरी यांच्या मताशी सहमत झाले.

या आयोगाने भूल देण्यासंबंधी काही व्यावहारिक नियम सांगितले. रुग्णाला आडवे निजवावे, त्याचे कपडे सैल करावेत. त्याच्या मानेवर, छातीवर वा पोटावर कोणाच्याही हाताचा दाब पडू देऊ नये. टोकाशी थोडा कापूस ठेवलेल्या उघड्या शंकूतून क्लोरोफॉर्म हुंगवावे, म्हणजे त्यासोबत हवाही मिळत राहते. रुग्ण धडपडू लागला किंवा श्वास कोंडून धरू लागला, तर विशेष जपावे, कारण त्यानंतर तो एकदम खोल श्वास घेतो आणि क्लोरोफॉर्म प्रमाणाबाहेर आत जाते. डोळ्याच्या बुबुळाला बोट लावले असता पापणी मिटली नाही, की गुंगी पुरेशी झाली असे समजून औषध हुंगवणे थांबवावे. आणि या सर्व वेळी श्वासावरील लक्ष क्षणभरही ढळू देऊ नये.

रूपाबाई ज्या वातावरणात घडल्या, ते हे असे होते. त्यांच्या काळी शस्त्रक्रियागृहात आजच्यासारखी यंत्रे नव्हती. रुग्णाच्या रक्तात प्राणवायू किती आहे, हे दाखवणारे साधन नव्हते. छातीची हालचाल, श्वासाचा आवाज, ओठांचा रंग आणि डोळ्यांची स्थिती एवढ्यावरूनच सर्व काही ओळखावे लागे. एकीकडे औषध कमी पडून रुग्ण वेदनेने जागा होता कामा नये आणि दुसरीकडे ते जास्त होऊन त्याचा श्वास थांबता कामा नये. या दोहोंमधील वाट अतिशय अरुंद होती. त्या वाटेने रूपाबाईंनी वर्षानुवर्षे रुग्णांना सुखरूप नेले. 1889 ते 1917 या काळात त्यांनी ब्रिटिश रेसिडेन्सी रुग्णालय, अफझलगंज रुग्णालय आणि व्हिक्टोरिया जनाना प्रसूती रुग्णालय येथे भूल देण्याचे काम केले. रेसिडेन्सी रुग्णालय पुढे सुलतान बाजार रुग्णालय म्हणून, तर अफझलगंजचे रुग्णालय उस्मानिया रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले.

सप्टेंबर 1908 मध्ये मुसी नदीला महापूर आला. हैदराबाद शहरात हजारो लोक मृत्युमुखी पडले आणि नदीकाठचे अफझलगंज रुग्णालय उद्ध्वस्त झाले. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे 1909 साली, रूपाबाईंनी एडिंबरा येथे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या विषयांची पदविका मिळवली. पदवी घेऊन तेव्हा त्यांना वीस वर्षे झाली होती. भूलशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण त्या काळी उपलब्ध नव्हते. भूल देणाऱ्याला मात्र वायू, बाष्प आणि रसायने यांच्याशी सतत काम पडते. त्यांचे गुणधर्म नीट समजले, तर औषधाचे प्रमाण अधिक अचूक ठरवता येते. हाताला सवय झाली म्हणून ज्ञान पूर्ण झाले, असे रूपाबाईंनी मानले नाही. अनुभवाच्या शिखरावर असताना त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोलका प्रसंग होय. मायदेशी परतल्यावर त्यांनी आपली रुग्णसेवा पुढे चालू ठेवली. 1920 साली चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक या पदावरून त्या निवृत्त झाल्या.

विज्ञानात कोणताही निष्कर्ष अखेरचा नसतो. 1911 साली इंग्लंडमधील गुडमन लेव्ही यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची गुंगी अपुरी असताना हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून हृदय थांबू शकते. म्हणजे हैदराबादच्या आयोगाचा निष्कर्ष अपुरा होता. केवळ श्वासावर लक्ष ठेवून भागत नाही, हृदयावरही ते ठेवावे लागते, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि क्लोरोफॉर्मचा वापर मागे पडला. परंतु शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत एका जाणत्या व्यक्तीने रुग्णाच्या प्राणाखेरीज दुसऱ्या कशाकडेही पाहू नये, हा धडा कायम राहिला.

आज भूलशास्त्र ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. बेंगळुरू, मुंबई, हैदराबाद यांसारख्या महानगरांत आणि तालुक्याच्या गावीही भूलतज्ज्ञ काम करतात. शस्त्रक्रियेपूर्वी ते रुग्णाला पूर्वीच्या आजारांविषयी आणि चालू औषधांविषयी विचारतात. काही तास उपाशी राहण्यास सांगतात, कारण गुंगीत असताना पोटातील अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी खरी माहिती देणे आणि सूचना पाळणे रुग्णाच्याच हिताचे असते. शस्त्रक्रिया चालू असताना श्वसन, हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू यांवर भूलतज्ज्ञाची सतत नजर असते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना, प्रसूतीच्या कळा आणि कर्करोगासारख्या आजारांतील यातना कमी करण्याचे कार्यही ते करतात.

रुग्ण बरा होऊन घरी जाताना शल्यविशारदाचे आभार मानतो. त्याला भूल देणाऱ्याचे नाव बहुधा त्याच्या लक्षात राहत नाही, कारण त्यांचे काम चालू असताना तो गाढ झोपेत असतो. रूपाबाईंनी आपल्या आयुष्यातील अठ्ठावीस वर्षे अशाच झोपलेल्या माणसांच्या उशाशी जागून काढली. त्यांच्या जागेपणावर विसंबून कितीतरी रुग्ण निर्धास्तपणे डोळे मिटू शकले आणि शस्त्रक्रिया संपल्यावर पुन्हा डोळे उघडून आपल्या माणसांना पाहू शकले.