जेम्स बुलो लॅन्सिंग

जेम्स बुलो लॅन्सिंग (१४ जानेवारी १९०२ – सप्टेंबर १९४९) हे अमेरिकन ध्वनी-अभियंते व उद्योजक होते. चित्रपटगृहांत वापरल्या जाणाऱ्या कर्णायुक्त ध्वनिक्षेपकांच्या (लाउडस्पीकर) विकासात त्यांचा महत्त्वाचा वाटा आहे. 'अल्टेक लॅन्सिंग' आणि 'जेबीएल' या दोन्ही नाममुद्रा त्यांच्या नावावरून आल्या आहेत.

प्रारंभिक जीवन

लॅन्सिंग यांचा जन्म अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील मकूपिन काउंटीत झाला. त्यांचे मूळ नाव जेम्स मार्टिनी होते. चौदा भावंडांपैकी ते नववे. 'बुलो' हे नाव त्यांनी ज्या कुटुंबात काही काळ वास्तव्य केले त्या कुटुंबाचे होय. मोटार दुरुस्तीचे काम केल्यानंतर ते सॉल्ट लेक सिटी येथे गेले. तेथे त्यांची केन डेकर यांच्याशी ओळख झाली.

कारकीर्द

१९२७मध्ये लॅन्सिंग व डेकर यांनी लॉस एंजेलस येथे लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. याच सुमारास त्यांनी 'लॅन्सिंग' हे आडनाव धारण केले. बोलपट आल्यामुळे मोठ्या प्रेक्षागृहात स्पष्ट आवाज पोहोचविणाऱ्या यंत्रणेची गरज निर्माण झाली होती. एमजीएम स्टुडिओचे डग्लस शिअरर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'शिअरर हॉर्न' या यंत्रणेसाठी लॅन्सिंग यांच्या कंपनीने ड्रायव्हर बनविले. या यंत्रणेत खालचे व वरचे स्वर वेगवेगळ्या कर्ण्यांतून येत. तिच्यासाठी १९३६चा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार शिअरर व एमजीएमच्या ध्वनी विभागाला मिळाला. १९३७च्या सुमारास त्याच तत्त्वावरील 'आयकॉनिक' हा लहान ध्वनिक्षेपक बाजारात आला.

व्यवहाराची बाजू सांभाळणारे डेकर १९३९मध्ये विमान अपघातात मरण पावले. त्यानंतर कंपनी आर्थिक अडचणीत आली व १९४१मध्ये अल्टेकने ती विकत घेतली. नव्या 'अल्टेक लॅन्सिंग'मध्ये लॅन्सिंग अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले. 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही यंत्रणा आणि एकाच चौकटीत दोन ड्रायव्हर असलेला '६०४ डुप्लेक्स' ही या काळातील प्रमुख उत्पादने आहेत.

१९४६मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी नवी कंपनी काढली. तिच्या नावातील 'लॅन्सिंग' या शब्दाला अल्टेकने हरकत घेतल्याने 'जेम्स बी. लॅन्सिंग साउंड' हे नाव घ्यावे लागले. चार इंची व्हॉइस कॉइल असलेला १५ इंची 'डी-१३०' हा त्यांचा गाजलेला ध्वनिक्षेपक याच कंपनीचा आहे.

मृत्यू

कंपनीवरील कर्ज वाढत गेले. सप्टेंबर १९४९मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथील आपल्या मळ्यावर लॅन्सिंग यांनी आत्महत्या केली. त्या वेळी ते ४७ वर्षांचे होते. त्यांच्या विम्याचे १०,००० डॉलर कंपनीला मिळाले आणि विल्यम थॉमस यांच्या नेतृत्वाखाली ती तगली.

वारसा व जतन

लॅन्सिंग यांच्या काळातील ध्वनिक्षेपक हौशी लोक आजही घरी दुरुस्त करून वापरतात. कर्ण्यामुळे पडद्याची हालचाल हवेपर्यंत कार्यक्षमतेने पोहोचते, त्यामुळे काही वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवरही ते पुरेसा आवाज देतात. ड्रायव्हरचा ॲल्युमिनियमचा पातळ पडदा स्वतंत्रपणे बदलता येतो. मात्र व्हॉइस कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत अचूक मध्यभागी बसवावी लागते, अन्यथा ती घासून आवाज फाटतो. सुरुवातीच्या ध्वनिक्षेपकांतील विद्युतचुंबकाला स्वतंत्र एकदिश विद्युतपुरवठा लागतो. नंतरच्या अल्निको चुंबकांची शक्ती घटली असल्यास त्यांचे पुनर्चुंबकन करतात. स्वरांची विभागणी करणाऱ्या क्रॉसओव्हरमधील जुने कपॅसिटर बदलले जातात, तर पत्र्याच्या कर्ण्यांचा खणखणाट कमी करण्यासाठी त्यांवर बाहेरून कंपनशोषक लेप देतात. नवे सुटे भाग बसवून आवाज सुधारावा की मूळ भाग शक्य तितके राखावेत, याविषयी संग्राहकांत मतभेद आहेत. त्यामुळे काढलेले मूळ भाग अनेकजण जपून ठेवतात.