सूर्य कशाचा बनला आहे? (सेसिलिया पेन यांची गोष्ट)



आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली, की निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे तुम्ही पाहिलं असेल. आमटीतल्या मिठात सोडियम असतं आणि ज्योतीत तापलं की ते पिवळा प्रकाश देतं. प्रत्येक मूलद्रव्याची अशी स्वतःची खूण असते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून जाऊ दिला, की रंगांचा पट्टा दिसतो. त्याला वर्णपट म्हणतात. त्यात बारीक काळ्या रेघा असतात. त्या रेघा म्हणजे ताऱ्यातल्या मूलद्रव्यांच्या खुणा. त्यांचा खरा अर्थ पंचवीस वर्षांच्या एका मुलीने लावला. तिचं नाव सेसिलिया पेन.

सेसिलियाचा जन्म १० मे १९०० रोजी इंग्लंडमधल्या वेंडोव्हर गावी झाला. ती चार वर्षांची असताना वडील वारले. आईने तिन्ही मुलांना एकटीने वाढवलं. लंडनच्या शाळेत तिला संगीत शिकवायला गुस्ताव होल्स्ट होते. ग्रहांवरच्या संगीतरचनेमुळे पुढे ते जगप्रसिद्ध झाले. तिने संगीतातच पुढे जावं असं त्यांना वाटे, पण सेसिलियाला विज्ञानाची ओढ होती.

१९१९ साली शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजला गेली. त्याच वर्षी एडिंग्टन हे शास्त्रज्ञ आफ्रिकेजवळच्या बेटावर जाऊन सूर्यग्रहणाची निरीक्षणं करून आले होते. त्यांचं व्याख्यान ऐकून ती भारावून गेली. खोलीवर येऊन तिने ते जवळजवळ जसंच्या तसं लिहून काढलं. आता खगोलशास्त्रच शिकायचं, हे ठरलं!

पण केंब्रिज त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. ती मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. मायदेशी राहिलं तर शाळेत शिकवण्यापलीकडे वाट नाही, हे सेसिलियाला कळून चुकलं. म्हणून १९२३ साली ती अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत आली. शिक्षणासाठी घरदार सोडून परक्या देशात येणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी कित्येकांच्या आईबाबांना वेगळं सांगायला नको.

वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांचे फोटो असलेल्या काचांचा मोठा साठा होता. ॲनी जंप कॅनन या बाईंनी त्यांवरून सव्वादोन लाख ताऱ्यांची वर्गवारी केली होती. पण एका ताऱ्यात ज्या रेघा दिसतात, त्या दुसऱ्यात का दिसत नाहीत? याची किल्ली एका भारतीयाने शोधली होती. १९२० साली मेघनाद साहा यांनी दाखवून दिलं, की तापमान वाढलं की अणूतले इलेक्ट्रॉन निसटतात आणि त्याच्या रेघा बदलतात. म्हणजे रेघ ठळक असली, की ते मूलद्रव्य जास्त आहे, असं म्हणता येत नाही. आधी तापमानाचा हिशेब करावा लागतो.

सेसिलियाने तो हिशेब केला. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या पुष्कळ रेघा दिसतात. त्यामुळे सूर्य पृथ्वीसारख्याच पदार्थांचा बनला आहे, असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. सेसिलियाचं उत्तर वेगळंच आलं. सिलिकॉन, कार्बन यांचं प्रमाण साधारण पृथ्वीसारखं होतं, पण हायड्रोजन त्यांच्या जवळजवळ दहा लाख पट!

प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांचा शब्द तेव्हा अखेरचा मानला जाई. त्यांनी कळवलं, की हे अशक्य आहे. सेसिलिया नवखी, त्यात परदेशी. १९२५ च्या आपल्या प्रबंधात तिने आकडे छापले खरे, पण हायड्रोजन आणि हेलियमचे आकडे बहुधा खरे नसावेत, असंही स्वतःच्या हाताने लिहून टाकलं.

चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर पोहोचले. त्यांनी तिच्या कामाचा उल्लेख केला, तरी श्रेय बरीच वर्षं त्यांनाच मिळत राहिलं. सेसिलियाबाईंनी मात्र म्हातारपणी दोष दिला तो स्वतःला. आपलं बरोबर आहे हे माहीत असून आपण माघार घेतली, याची खंत त्यांना आयुष्यभर राहिली.

काम त्यांनी कधीच थांबवलं नाही. १९३३ साली युरोपात त्यांना सर्गेई गापोश्किन हे रशियन निर्वासित खगोलशास्त्रज्ञ भेटले. त्यांना अमेरिकेत आणण्यासाठी बाईंनी खटपट केली. १९३४ साली दोघांचं लग्न झालं. त्यांना तीन मुलं झाली. सेसिलियाबाई हार्वर्डला शिकवत, पण १९४५ पर्यंत त्यांचे वर्ग विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात छापलेसुद्धा जात नव्हते. अखेर १९५६ साली त्या प्राध्यापक झाल्या आणि विभागप्रमुखही. हार्वर्डमध्ये कुठल्याही विभागाच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९७६ साली त्यांना अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांचा मोठा सन्मान मिळाला. त्याला नाव होतं हेन्री नॉरिस रसेल यांचं! ७ डिसेंबर १९७९ रोजी त्या वारल्या.

त्यांनी दाखवलेली वाट आज फार दूर पोहोचली आहे. आपल्या आकाशगंगेभोवती छोट्या छोट्या बटू दीर्घिका फिरतात. काही इतक्या अंधुक, की सगळ्या ताऱ्यांचा उजेड एकत्र केला तरी काहीशे सूर्यांइतकाच भरतो. 'सेग्यू १' ही त्यांतलीच. तिच्या काही ताऱ्यांत लोखंडाचं प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. लोखंड ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत तयार होतं. म्हणजे हे तारे जन्मले, तेव्हा विश्वात फारच थोडे तारे होऊन गेले होते! 'रेटिक्युलम २' या दुसऱ्या दीर्घिकेत २०१६ साली नऊ तारे तपासले, तर सातांमध्ये फार जड मूलद्रव्यं भरपूर सापडली. फार पूर्वी तिथे घडलेल्या एखाद्याच दुर्मिळ घटनेची ती खूण असावी. हे सगळं कळलं ते वर्णपटातल्या रेघांवरून, तापमानाचा हिशेब करूनच.

तेव्हा मुलांनो, तुमचं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं आलं, तर लगेच खोडू नका. पुन्हा एकदा तपासून पाहा. आणि तरीही तेच आलं, तर हात वर करून सांगा. आणि आईबाबांनो, असा हात वर झाला, तर आधी ऐकून घ्या.