सर अलेक्झांडर फ्लेमिंग

धर्मापुरीस थंडीचे दिवस लागले की घरोघरी कोणाचा ना कोणाचा घसा धरतो. डॉक्टर गोळ्या लिहून देतात; दोन दिवसांत दुखणे थांबते आणि उरलेल्या गोळ्या फळीवर जातात. पुढे धाकट्याचा घसा दुखू लागला की त्याच गोळ्या त्यास देण्यात येतात. ज्यांनी अशा औषधांचा मार्ग जगास दाखविला, त्यांनीच ह्या सवयीविषयी १९४५ साली सावध केले होते. त्यांचे चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यात सादर करीत आहो.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्वेल गावानजीक एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते सात वर्षांचे असता वडील निवर्तले. शाळेस ते रानावनातून पायी जात. खेड्यांतून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हे काही नवल वाटावयाचे नाही. पुढे लंडनला एका जहाजकंपनीत त्यांनी चार वर्षे कारकुनी केली. काकांच्या मृत्युपत्राने थोडा पैसा हाती आला, तेव्हा १९०१ साली त्यांनी सेंट मेरीज ह्या रुग्णालयाच्या विद्यालयात नाव घातले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांच्या जखमा पाहताना त्यांच्या ध्यानी आले की, जखमेत ओतली जाणारी तीव्र जंतुनाशके जंतूंपेक्षा शरीराच्या रक्षक पेशींचाच अधिक नाश करतात. जंतू मारील पण माणसास इजा करणार नाही असे काही मिळेल काय, हा विचार त्यांस सोडीना. सप्टेंबर १९२८ मध्ये ते सुटीहून परतले. काचेच्या एका बशीत पू करणारे जंतू वाढविले होते. तीत बुरशी उगवली होती आणि तिच्या सभोवारचे जंतू विरघळून गेले होते. दुसऱ्या कोणी ती बशी धुवून टाकली असती! तथापि बुरशीतील ते द्रव्य, म्हणजे पेनिसिलिन, शुद्ध करणे त्यांस साधले नाही. ते कार्य ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व हीटली यांनी १९४० च्या सुमारास केले, आणि कीर्तीचा मोठा वाटा मात्र फ्लेमिंग यांच्याकडे गेला.

१९४१ साली ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायास हे औषध देण्यात आले. त्यास झपाट्याने उतार पडला. पण औषधाचा साठा संपला, रोग उलटला आणि तो दगावला.

१९४५ साली फ्लोरी व चेन यांच्यासह फ्लेमिंग यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी एका कल्पित गृहस्थाची कथा सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलिन घेतो, तेही अपुरे. जंतू मरत नाहीत, उलट औषधास निर्ढावतात. तेच जंतू पत्नीस लागतात, तिला न्युमोनिया होतो, आणि आता पेनिसिलिन चालत नाही. ती मरण पावते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. घसा धरविणारा जो साखळीसारखा जंतू, स्ट्रेप्टोकॉकस, तो अजून पेनिसिलिनला दाद देतो. फ्लेमिंग यांचे भाकीत त्याच्यापुरते खरे ठरलेले नाही. परंतु ज्यांस पेनिसिलिन सोसत नाही त्यांना देण्यात येणाऱ्या एरिथ्रोमायसिन व अझिथ्रोमायसिन ह्या औषधांस न जुमानणारे त्याचे वाण अनेक देशांत आढळले आहेत. बशीतला तो पू करणारा जंतू तर थोड्याच वर्षांत पेनिसिलिनचे तुकडे करणारे द्रव्य स्वतःच बनवू लागला. शिवाय घसादुखी बहुधा विषाणूंची असते; तिच्यावर ह्यांतले एकही औषध चालत नाही, पण अंगातील इतर जंतू तेवढ्यात तयार होतात. ती खरोखर स्ट्रेप्टोकॉकसची असेल, तर पेनिसिलिन दहा दिवस देण्याचा परिपाठ आहे. कारण अर्धवट उपचारानंतर संधिवाताचा ज्वर येऊ शकतो व हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. आणि हा ज्वर विशेषेकरून शाळकरी वयातील मुलांनाच गाठतो.

फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी लंडन येथे वारले. त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळील पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले.