पक्षिविद्येचे उपासक डॉ. सालिम अली

मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या सालिम अलींचे मातृपितृछत्र बालपणीच हरपले. मामांनी त्यांचे संगोपन केले. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीने त्यांना पक्षिविद्येची गोडी लावली. १९३० साली, हाती नोकरी नसताही, त्यांनी किहीम येथे सुगरण पक्ष्याचा चिकाटीने अभ्यास केला.

१९४५ साली ते कच्छच्या रणातील रोहित पक्ष्यांच्या वसाहतीस गेले. आफ्रिकेपासून पसरलेल्या या जातीच्या विणीच्या प्रदेशाची ही पूर्वेकडील कड. भारतात तिची वीण मुख्यतः येथेच होते. लक्षावधी पक्षी उथळ पाण्यात चिखलाचे उंचवटे रचून त्यांवर अंडी घालतात. परंतु अवर्षण पडले की पाणी आटून वीण खुंटते, आणि अतिवृष्टी झाली की घरटी बुडतात. सीमेवरच्या जिवास निसर्ग फारशी सवड देत नाही, हा बोध आम्हांस येथे होतो.

१९८७ साली हा थोर पुरुष निवर्तला. मनोरच्या विद्यार्थ्यांनो, वैतरणेकाठी सुगरण घरटे केव्हा विणू लागते व त्या वर्षी पाऊस कसा पडतो, याचे टिपण तुम्ही नित्य ठेवाल, तर त्यांचे कार्य पुढे चालेल, असे आम्हांस वाटते.