वितळलेलं आइस्क्रीम आणि होडीमागचं इंजिन: ओली इव्हिनरूडची गोष्ट

यूट्यूबवर जुन्या स्पीडबोटी दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही कधीतरी पाहिले असतील. सुरुवात ठरलेली असते. अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली १९८० च्या दशकातली फायबरची लांबट बोट पडलेली असते. रंग उडालेला, सीट फाटलेल्या, आत पानांचा कचरा. मागच्या बाजूला दोन मोठाली इंजिनं शेजारी शेजारी लटकलेली. त्यांच्या कव्हरवरची धूळ पुसली की बऱ्याचदा एक नाव दिसतं: इव्हिनरूड.

मला बरेच दिवस वाटायचं की हे मार्केटिंगवाल्यांनी बनवलेलं नाव असेल. तसं नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे. आणि एक वेळ अशी आली होती, की त्या माणसालाच स्वतःचं आडनाव स्वतःच्या इंजिनावर लावता येत नव्हतं.

आधी थोडं बेसिक

होडीला इंजिन दोन प्रकारे बसतं. एक म्हणजे इनबोर्ड. इंजिन होडीच्या पोटात, आणि तळाला भोक पाडून शाफ्ट बाहेर. दुसरं आउटबोर्ड. यात इंजिन, गिअर आणि पंखा हे सगळं एकाच युनिटमध्ये असतं आणि ते होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं असतं. मालवण-तारकर्लीला फिरायला गेला असाल तर डॉल्फिन दाखवणाऱ्या किंवा स्कूबाला नेणाऱ्या होड्यांच्या मागे हेच पाहिलं असेल. वळायचं असेल तर अख्खं इंजिनच वळवायचं, म्हणजे वेगळ्या सुकाणूची गरज नाही. बिघडलं तर काढून किनाऱ्यावर न्यायचं. थोडक्यात, होडीसाठी प्लग अँड प्ले.

आज हे इतकं साधं वाटतं की कुणाला तरी हे आधी सुचावं लागलं असेल, असं डोक्यातही येत नाही.

नॉर्वे ते विस्कॉन्सिन

ओली इव्हिनरूडचा जन्म १८७७ चा, नॉर्वेतल्या योविक गावाजवळचा. तो लहान असतानाच घरच्यांनी अमेरिकेची वाट धरली. विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज नावाच्या छोट्या गावाजवळ त्यांनी शेती सुरू केली. हा सगळा भाग तळ्यांचा, त्यामुळे पाणी आणि होड्या लहानपणापासून समोर.

शाळा फार झाली नाही. सोळाव्या वर्षी तो जवळच्या मॅडिसन शहरात गेला आणि यंत्रांच्या दुकानात कामाला लागला. दिवसा काम, उरलेल्या वेळेत स्वतःच पुस्तकं आणून इंजिनिअरिंगचा अभ्यास. मग मिलवॉकी, पिट्सबर्ग, शिकागो अशा शहरांतल्या वेगवेगळ्या कारखान्यांत मशीनिस्ट म्हणून नोकऱ्या केल्या. मी चार वर्षं कॉलेजात बसून डिग्री घेतली. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पण धातू कसा वागतो हे त्याला हाताने माहीत होतं.

१९०० साली त्याने मिलवॉकीत एका भागीदारासोबत ऑर्डरप्रमाणे इंजिनं बनवणारी छोटी फर्म काढली. पेट्रोल इंजिन तेव्हा नवीन होतं. आपल्याकडे आज जसं जो तो एआयचं काहीतरी करतोय, तसा तेव्हा जो तो इंजिनाचं काहीतरी करत होता. ओलीच्या फर्म जमल्या आणि मोडल्या. हा माणूस इंजिनात जितका हुशार, तितकाच हिशोबात कच्चा.

हिशोब सांभाळणारी बेस

त्याच्या आयुष्यात बेस कॅरी आली ती इथे. ती बिझनेसचं शिकलेली होती आणि ओलीच्या फर्मचा हिशोब आणि पत्रव्यवहार बघू लागली. १९०६ मध्ये त्यांनी लग्न केलं.

आणि मग ती प्रसिद्ध आइस्क्रीमची गोष्ट, जी कंपनीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. उन्हाळ्यातला कडक दिवस, तळ्यातल्या बेटावर सहल. बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओली होडी वल्हवत काठावर गेला, आइस्क्रीम घेतलं आणि परत वल्हवत निघाला. एका बाजूचं अंतरच चार किलोमीटरच्या आसपास. बेटावर पोचेपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. वल्ही मारता मारता त्याच्या मनात आलं, हे काम इंजिनाने करायला काय हरकत आहे?

गोष्ट किती खरी आणि किती रंगवलेली, ते सोडा. पण प्रॉब्लेम अगदी खरा होता. तेव्हा तळ्यावर बहुतेक लोक भाड्याची होडी घेत. भाड्याच्या होडीच्या तळाला भोक पाडून कोण इंजिन बसवू देणार? इंजिन बाहेरून लावता आणि काढता येणारंच हवं होतं.

कॉफीच्या चक्कीसारखं यंत्र

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: आउटबोर्डची कल्पना ओलीची पहिली नव्हती. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या अमेरिकन माणसाने त्याच्या आधीच असं इंजिन विकायला काढलं होतं. ओलीने काय केलं, तर सामान्य माणसाला रोज वापरता येईल असा प्रॉडक्ट बनवला.

त्याची मांडणी अशी. सिलिंडर आडवा. क्रँकशाफ्ट उभा. डोक्यावर फ्लायव्हील. उभा शाफ्ट सरळ पाण्यात खाली जातो, तिथे बेव्हल गिअर त्याची फिरकी काटकोनात वळवतात आणि पंखा फिरतो. इंजिन टू-स्ट्रोक, ताकद फक्त दीड हॉर्सपॉवर. चालू करायला फ्लायव्हीलवर एक मूठ होती, ती धरून चाक हाताने फिरवायचं. इंजिन उलट झटका देई तेव्हा बोटं सांभाळावी लागत. बेसने पहिल्यांदा हे यंत्र पाहिलं तेव्हा तिला ते कॉफी दळायच्या चक्कीसारखं वाटलं, असं सांगतात.

आता उभा क्रँकशाफ्ट, वर फ्लायव्हील, खाली गिअर आणि पंखा ही मांडणी लक्षात ठेवा. आजचं अडीचशे-तीनशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड उघडलं तरी आत ढाचा हाच दिसतो. शंभरहून जास्त वर्षं टिकलेलं आर्किटेक्चर आहे हे.

१९०९ मध्ये विक्री सुरू झाली. वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर. जाहिरातीचा मजकूर बेसने स्वतः लिहिला. वल्ही फेकून द्या आणि मोटर लावा, असा त्याचा सरळ आशय. ऑर्डरींचा पाऊस पडला. परदेशी व्यापाराची पत्रंही तीच लिहायची, आणि नॉर्वे-डेन्मार्ककडच्या मच्छीमारांकडून मोठी मागणी आली. कारखान्याला पैसा हवा होता म्हणून टगबोटींच्या धंद्यातला ख्रिस मेयर भागीदार म्हणून आला. १९११ मध्ये ओलीला पेटंट मिळालं. १९१२ पर्यंत कारखान्यात सुमारे ३०० माणसं काम करत होती.

आडनाव विकलं

आजच्या भाषेत बोलायचं तर स्टार्टअप चालला होता. पण त्याची किंमत बेस मोजत होती. हिशोब, पत्रं, जाहिराती, शिवाय घरी लहान मुलगा राल्फ. तिची तब्येत ढासळत गेली.

ओलीने १९१३-१४ च्या सुमारास आपला हिस्सा मेयरला विकला. करारात अट होती की पाच वर्षं त्याने आउटबोर्डच्या धंद्यात उतरायचं नाही. आपल्या आयटीवाल्यांच्या ऑफर लेटरमध्ये नॉन-कॉम्पीट क्लॉज असतो, तसाच. कंपनी गेली आणि तिच्यासोबत इव्हिनरूड हे नावही गेलं.

चालता धंदा ऐन भरात असताना बायकोच्या तब्येतीसाठी सोडणं हा निर्णय तेव्हा अनेकांना वेडेपणाचा वाटला असेल. ओलीने तो घेतला. पुढची काही वर्षं हे कुटुंब देशभर हिंडलं, आणि बेसची तब्येत हळूहळू सुधारली.

दुसरी इनिंग: एल्टो

डोकं मात्र थांबलं नव्हतं. त्या काळात त्याने नव्या इंजिनाचं डिझाइन केलं. दोन सिलिंडर, ताकद ३ हॉर्सपॉवर आणि वजन साधारण २२ किलो. म्हणजे ताकद दुप्पट आणि वजन आधीपेक्षा कमी. हे जमलं कसं?

पहिलं कारण ॲल्युमिनियम. लोखंड आणि पितळेच्या जागी जमेल तिथे ॲल्युमिनियम वापरलं. दुसरं कारण दोन समोरासमोरचे सिलिंडर. टाळी वाजवताना दोन्ही हात एकदमच जवळ येतात आणि एकदमच लांब जातात, तसे दोन्ही पिस्टन एकाच वेळी आत आणि एकाच वेळी बाहेर जातात. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. एका सिलिंडरचं जुनं इंजिन अख्खी होडी थरथरवायचं, हे बरंच शांत चालत होतं.

ओली हे डिझाइन घेऊन आधी मेयरकडे गेला. मेयरने नकार दिला. जुनं इंजिन खपतंय, मग नवं कशाला? मोठ्या कंपन्या आजही हीच चूक करतात. नोकियाचं काय झालं ते आपण पाहिलंच.

मग इव्हिनरूड दांपत्याने १९२०-२१ च्या सुमारास स्वतःची नवी कंपनी काढली. पण नाव काय द्यायचं? इव्हिनरूड तर चालणार नव्हतं. बेसने तोडगा काढला: इव्हिनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून एल्टो. आडनाव गेलं, पण त्याचं पहिलं अक्षर नव्या नावात बसलं.

आता बाजारात गंमत झाली. इव्हिनरूड नावाचं इंजिन ओलीचं नव्हतं, आणि ओलीचं इंजिन एल्टो नावाने त्याच्याशीच स्पर्धा करत होतं. त्यातच इंडियानाच्या जॉन्सन बंधूंनी जेमतेम १६ किलोचं इंजिन काढलं आणि वजन कमी करायची शर्यत लागली. मेयरची जुनी कंपनी मागे पडत गेली आणि तिचे मालक बदलत गेले.

शेवटी १९२९ मध्ये चक्र पूर्ण फिरलं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन कंपनीच्या स्टीफन ब्रिग्जच्या पुढाकाराने एल्टो, लॉकवुड आणि जुनी इव्हिनरूड या तीन कंपन्या एकत्र आल्या. नव्या कंपनीचा अध्यक्ष झाला ओली. पंधराएक वर्षांनी त्याला आपलं आडनाव परत मिळालं.

सुख फार टिकलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत महामंदी आली. हौसेच्या होड्या घेणार कोण? कंपनी तगवण्यातच पुढची वर्षं गेली. १९३३ मध्ये बेस वारली. त्यानंतर साधारण सव्वा वर्षाने, जुलै १९३४ मध्ये, ओलीही गेला. वय ५७.

नंतर काय झालं?

राल्फने धंदा पुढे नेला. १९३५-३६ मध्ये जॉन्सनही त्यांच्यात सामील झाली आणि पुढे या समूहाची आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन ही बलाढ्य कंपनी झाली. १९७० च्या दशकात व्ही-सिक्स इंजिनं आली आणि तशी दोन-दोन इंजिनं लावलेल्या वेगवान बोटींचा जमाना सुरू झाला. अशा जोडीत बऱ्याचदा एक पंखा उजवीकडे फिरतो आणि दुसरा डावीकडे, म्हणजे बोट एका बाजूला ओढली जात नाही. ओलीच्या समोरासमोरच्या पिस्टनचीच आयडिया, फक्त मोठ्या आकारात.

डिसेंबर २००० मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली. बॉम्बार्डियरने ब्रँड घेतला आणि पुढे बीआरपीने तो चालवला. मे २०२० मध्ये बीआरपीने इव्हिनरूड आउटबोर्डचं उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं. सुटे भाग मिळत राहतील, असंही सांगितलं. फोनच्या भाषेत, नवीन मॉडेल नाही, फक्त सपोर्ट.

म्हणून ताडपत्रीखालच्या त्या बोटीला आता वेगळा अर्थ आहे. तिला परत पाण्यात उतरवणारा माणूस काय करतो बघा. आधी मागची फळी हातोडीने ठोकून पाहतो. आवाज बद्द आला तर आतलं प्लायवूड कुजलंय, आणि त्यावर दोन इंजिनांचं वजन टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. मग दोन्ही इंजिनांच्या प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतो. आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर न विचारता बदलतो, कारण तो गेला की इंजिन काही मिनिटांत तापून जाम होतं. १९८४ पासून या इंजिनांत पेट्रोल आणि ऑइल आपोआप मिसळणारा पंप येऊ लागला. बरेच जण तो जुना पंप बंद करून सरळ टाकीतच पन्नासास एक या प्रमाणात ऑइल मिसळतात. आपल्याकडे जुन्या आरएक्स १०० वाल्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

हे सगळं जमतं, कारण इंजिन उघडता येतं, समजतं आणि त्याची मॅन्युअल्स अजून मिळतात. आपल्या हातातला फोन चाळीस वर्षांनी कुणी असा उघडून चालू करू शकेल का? मी ज्या धंद्यात आहे, त्यात पाच वर्षांपूर्वीचा कोडसुद्धा चालवताना घाम फुटतो.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला तर शेवटपर्यंत बघा. मूठभर निळा धूर सोडत इंजिन चालू होतं तेव्हा कव्हरवरचं नाव नीट वाचा. ते नाव ज्याचं होतं, त्याने ते एकदा बायकोच्या तब्येतीसाठी विकलं होतं, आणि मग तिच्याच साथीने परत मिळवलं होतं.