मैफलीपेक्षा वर्ग मोठा मानणारे अण्णासाहेब रातंजनकर

हैदराबादेत कोठीकडून सुलतान बाजारात शिरलं की कापडाच्या दुकानांच्या गर्दीत तेलुगू आणि दख्खनी उर्दूबरोबर मराठीही कानावर पडते. १९३३ पर्यंत या भागाचं नाव रेसिडेन्सी बाजार. १९०७ साली हैदराबादच्या मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी शाळा काढली आणि त्याच सुमारास मुंबईचे एक वकील गाण्याच्या शोधात या शहरात आले होते. ते विष्णु नारायण भातखंडे. इथे त्यांची गाठ पडली अप्पा तुळसी या संस्कृत पंडितांशी. दोघांचं असं जमलं की पुढे अप्पांनी भातखंड्यांच्या मतानुसार रागांवर संस्कृत ग्रंथ लिहिले.

आजचा विषय मात्र भातखंडे नव्हेत, त्यांचा शिष्य. भातखंड्यांनी जमवलेलं सगळं कागदावरच राहिलं असतं, जर ते वर्गात उभं राहून शिकवणारा माणूस मिळाला नसता. तो माणूस म्हणजे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, शिष्यांचे अण्णासाहेब.

जन्म मुंबईचा, १९०० सालचा. वडील पोलीस खात्यात, पण सतारीचा नाद असलेले. आधी कृष्णभट्ट होनावर, मग अंतुबुवा जोशी आणि नंतर भातखंडे असं शिक्षण झालं. १९१७ मध्ये भातखंड्यांनी या पोराला बडोद्याला उस्ताद फैयाज खाँसाहेबांकडे धाडलं. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती, आग्रा घराण्याची तालीम आणि आफताब-ए-मौसिकी म्हणून गाजलेला गुरू. मैफलीचा गवई व्हायला आणखी काय लागतं? तरीही मुंबईला परतल्यावर अण्णांनी विल्सन कॉलेजातून बी.ए. केलं. त्या काळी गवई आणि पदवीधर एकाच अंगरख्यात क्वचितच सापडायचा.

१९२६ साली लखनौला मॅरिस म्युझिक कॉलेज निघालं. रायबहादूर राजेश्वर बली आणि उमानाथ बली यांचा पुढाकार, योजना भातखंड्यांची. पहिले प्राचार्य माधवराव जोशी. अण्णा आधी प्राध्यापक म्हणून गेले आणि १९२८ मध्ये प्राचार्य झाले. वय २८ च्या आतबाहेर! जवळजवळ तीस वर्षं ते तिथेच राहिले. इथेच त्यांच्या आयुष्याचा सौदा झाला असं मला वाटतं. ज्या वयात गवई गावोगाव फिरून नाव कमावतो, त्या वयात हे वेळापत्रकं, परीक्षा आणि पैशाची ओढाताण यात गुंतले. गायचे जरूर, रेडिओवर आणि परिषदांतून. जाणकार त्यांची राग मांडायची पद्धत वाखाणायचे. पण उत्तरायुष्यात गळा पहिल्यासारखी साथ देईनासा झाला आणि आज लोक त्यांना गायक म्हणून कमी, गुरू म्हणून जास्त ओळखतात.

सीमाभागाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट १९३६ सालची. बैलहोंगलचा अकरा वर्षांचा एक मुलगा लखनौला अण्णांच्या हवाली झाला. कृष्णा गुंडोपंत गिंडे. तो नुसता कॉलेजात शिकला नाही, गुरूच्या घरातलाच झाला. पुढे पंडित के. जी. गिंडे म्हणून त्यांनी अण्णांच्या बंदिशी जपल्या, शिकवल्या. बेळगाव जिल्ह्यातल्या पोराने लखनौत मराठी गुरूकडे आग्रा घराण्याची गायकी शिकावी, अशी त्या काळाची उलाढाल! त्याच १९३६ च्या सप्टेंबरात भातखंडे गेले आणि सगळा भार अण्णांवर आला.

शिष्यांची रांग मोठी. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, वाईकडचे व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग. चित्रपट संगीतकार रोशनसुद्धा याच कॉलेजचे. बघा, यात कानडी मुलखातले, कोकणी बोलणारे, उत्तरेतले असे सगळे आहेत. घराण्याच्या दाराला कुलूप असण्याच्या दिवसांत अण्णांचं दार उघडं होतं.

स्वतः त्यांनी बंदिशी ढिगाने केल्या. 'सुजान' या नावाने केलेल्या या रचना 'अभिनव गीतमंजरी'त आल्या. सालगवराळी, केदारबहार असे राग त्यांचे. कर्नाटक पद्धतीचाही त्यांचा अभ्यास होता.

वाद झाला तो रेडिओवरून. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर गाणाऱ्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. त्या कामात अण्णा पुढे होते. नाव झालेल्या कलावंतांना हे झोंबलं. ज्यांनी आयुष्यभर मैफली मारल्या त्यांना आता मास्तरांपुढे बसायचं? विरोध झाला, कडवटपणा राहिला. दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणणं होतं. परीक्षेमुळे वशिल्याला थोडा आळा बसू शकत होता हे खरं. आणि गाणं कागदावरच्या नियमांनी पूर्ण मोजता येत नाही, हेही खरंच. अण्णांनी उभा जन्म त्या नियमांना दिला होता, त्यामुळे त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा करणं जरा जास्तच.

१९५६ साली राज्यांच्या हद्दी बदलल्या. बैलहोंगल म्हैसूर राज्यात गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला, सुलतान बाजार आंध्रात राहिला. त्याच वर्षी आजच्या छत्तीसगडमधल्या खैरागढला इंदिरा कला संगीत विद्यापीठ निघालं. पुढच्याच वर्षी अण्णा त्याचे कुलगुरू झाले आणि पद्मभूषणही त्याच १९५७ मध्ये मिळालं. १९६३ मध्ये संगीत नाटक अकादमीने फेलोशिप दिली.

१४ फेब्रुवारी १९७४ ला अण्णा गेले. लखनौचं त्यांचं कॉलेज आता भातखंडे यांच्या नावाने विद्यापीठ झालंय. भातखंड्यांचे मूळ ग्रंथ मराठीत आहेत आणि देशभरातले विद्यार्थी ते हिंदी भाषांतरातून वाचतात. सीमेच्या अलीकडे-पलीकडे गाणं शिकणाऱ्या आपल्या पोरांना ते मुळातून वाचता येतात.